बेडेकर नावाच्या शब्दाची गोष्ट

बेडेकर म्हटलं की आपल्याला लोणच्याची बरणी आठवते. आजचे बेडेकर मात्र जर्मनीचे. कार्ल बेडेकर यांनी १८२७ मध्ये कोब्लेंझ गावात पुस्तकांचा धंदा सुरू केला आणि पुढे प्रवाशांसाठी छोटी पुस्तकं काढली. परक्या गावात उतरलेल्याला कुणी लुबाडू नये, हा हेतू. कुठे उतरावं, किती पैसे द्यावेत, काय बघावं, सगळं त्यात. माणूस भारी काटेकोर! मिलानच्या मोठ्या चर्चच्या पायऱ्या मोजताना दर वीस पायऱ्यांना ते एक वाटाणा या खिशातून त्या खिशात टाकत, असं सांगतात. धान्य मापताना आपण खडा बाजूला ठेवतो, तसंच की हे.

चुकवू नये अशा जागेपुढे ते एक चांदणी छापत, फारच सुंदर असेल तर दोन. पुस्तकं इतकी खपली, की इंग्रजीत प्रवासाच्या कुठल्याही माहितीपुस्तकाला ‘बेडेकर’ म्हणू लागले. आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो ना, तसं.

मग दुसरं महायुद्ध आलं. मार्च १९४२ अखेर इंग्रजांच्या विमानांनी जर्मनीतलं ल्युबेक हे जुनं शहर जाळलं. त्याचा सूड म्हणून एप्रिलपासून जर्मन विमानं एक्सेटर, बाथ, नॉरिच, यॉर्क आणि कँटरबरीवर आली. ही शहरं निवडली ती कारखान्यांसाठी नव्हे, जुन्या देखण्या इमारतींसाठी. जर्मन सरकारचा एक अधिकारी बोलून गेला, की बेडेकरच्या पुस्तकात तीन चांदण्या असलेली ब्रिटनमधली प्रत्येक इमारत आम्ही पाडू. त्या पुस्तकात तीन चांदण्या कधी नव्हत्याच! त्याच्या या बोलण्यावर जर्मनीचा प्रचारमंत्री गोबेल्सही चिडला. पण शब्द सुटला तो सुटलाच. त्या हल्ल्यांना इंग्रज ‘बेडेकर हल्ले’ म्हणू लागले, आणि इतिहासात तेच नाव राहिलं.

त्यांत सुमारे १,६०० माणसं मेली. एकट्या बाथमध्ये दोन रात्रींत चारशेवर. बोलणं सगळं इमारतींचं झालं, मेली ती घराघरांत झोपलेली बायामाणसं आणि पोरं. त्यांच्या दारापुढे कुणी चांदणी छापली नव्हती.

बेडेकरांची कंपनी तोवर लाइपझिगला गेली होती. डिसेंबर १९४३ मध्ये इंग्रज विमानांनी त्या शहरावर बॉम्ब टाकले, त्यात कंपनीची कचेरी जळाली. युद्ध संपल्यावर कार्ल यांच्या पणतूने पुन्हा काम सुरू केलं. १९४८ मध्ये त्याने पुस्तक काढलं, ते लाइपझिगचंच.