पीटीओ अडॅप्टर

पीटीओ अडॅप्टर हा ट्रॅक्टरच्या मागील पॉवर टेक-ऑफ दंडाचा, म्हणजेच पीटीओचा, व्यास किंवा त्यावरील दात्यांची संख्या अवजाराच्या शाफ्टशी जुळत नसल्यास दोहोंमध्ये बसवला जाणारा पोलादी जोडभाग आहे. जुन्या ट्रॅक्टरवर अलीकडच्या बनावटीची अवजारे चालवण्यासाठी त्याचा उपयोग होतो. अडॅप्टरमुळे केवळ माप जुळते. दंडाची गती किंवा ताकद बदलत नाही.

पार्श्वभूमी

इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकी कंपनीने १९१८ साली पीटीओची सोय असलेला ट्रॅक्टर बाजारात आणला. सध्या सर्वाधिक प्रचलित असलेला दंड १⅜ इंच म्हणजे सुमारे ३५ मिलिमीटर व्यासाचा व सहा दात्यांचा असून तो मिनिटाला ५४० फेरे घेतो. १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमध्ये तयार झालेल्या फर्ग्युसन टीई-२० या ट्रॅक्टरचा दंड मात्र १⅛ इंचाचा होता. दातेही सहाच असल्याने दोन्ही दंड सारखे दिसतात, परंतु नवा शाफ्ट जुन्या दंडावर घट्ट बसत नाही.

बसवण्याची पद्धत

इंजिन बंद करून व किल्ली काढून जुन्या दंडाचे दाते स्वच्छ केले जातात. दाते झिजलेले असल्यास अडॅप्टर ढिला राहतो. अडॅप्टर दंडावर सरकवून पिन किंवा बोल्टने पक्का केला जातो. त्यामुळे दंडाची लांबी वाढते. म्हणून अवजार वर उचलले असता शाफ्टच्या एकमेकींत सरकणाऱ्या नळ्या तळाला टेकत नाहीत, तसेच खाली असता सुटत नाहीत, याची खात्री करावी लागते. नळ्या तळाला टेकल्यास दंडाच्या बेअरिंगवर थेट दाब येतो.

मर्यादा

एकाच धातूच्या भरीव दंडाची पीळ सोसण्याची क्षमता व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. त्यानुसार १⅛ इंचाचा दंड १⅜ इंचाच्या दंडाच्या सुमारे ५५ टक्केच पीळ सोसू शकतो. टीई-२० मध्ये पीटीओला गती मुख्य क्लचनंतर मिळते. त्यामुळे क्लच दाबल्यावरही अवजाराचे फिरते वजन उलट दिशेने गिअरबॉक्सला गती देते व गिअर टाकलेला ट्रॅक्टर पुढे ढकलला जातो. एकाच दिशेने शक्ती पोहोचवणारा ओव्हररनिंग क्लच असलेला अडॅप्टर हा धोका टाळतो.

निलंगा परिसरातील उपयोग व सुरक्षितता

लातूर जिल्ह्यातील निलंगा तालुक्यात सोयाबीन, तूर व हरभरा ही महत्त्वाची पिके आहेत. त्यांच्या मळणीसाठी ट्रॅक्टरच्या पीटीओवर चालणारी मळणीयंत्रे वापरली जातात. मळणीच्या वेळी ट्रॅक्टर उभा असतो आणि पेंढ्या टाकणारे व भुसा ओढणारे मजूर फिरत्या शाफ्टच्या आसपास वावरतात. अडॅप्टरमुळे जोड मागे सरकल्याने तो ट्रॅक्टरच्या मूळ संरक्षक आवरणाबाहेर येऊ शकतो, तर बोल्टचे वर आलेले डोके कापड पकडते. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. या गतीने ३५ मिलिमीटरचा दंड सेकंदाला सुमारे एक मीटर कापड गुंडाळतो. पदर, ओढणी किंवा उपरणे अडकल्यावर हात मागे घेण्यास वेळ उरत नाही. म्हणून अडॅप्टरसह संपूर्ण जोड झाकणारे आवरण बसवणे आवश्यक ठरते. शक्तीवर चालणारी मळणीयंत्रे भारतात धोकादायक यंत्रे (नियमन) अधिनियम, १९८३ च्या कक्षेत येतात.