स्लाइड दुसऱ्यांदा कोण बघतं? पुण्यातल्या टीबी लॅब सुपरवायझरची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? आज सुरुवात एका तारखेपासून करू. 26 फेब्रुवारी 1887, पुणे. आनंदीबाई जोशी गेल्या, वयाची 22 वर्षंही पूर्ण झाली नव्हती. फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन परत आल्या होत्या, कोल्हापूरच्या हॉस्पिटलात नेमणूक झाली होती, आणि क्षयानं नेलं. ही गोष्ट तुम्ही शाळेत ऐकलीये, सिनेमात बघितलीये. पण तिच्या शेजारी दुसरी एक तारीख सहसा कुणी ठेवत नाही.

24 मार्च 1882, बर्लिन. रॉबर्ट कॉखनं जाहीर केलं की क्षय एका जंतूमुळे होतो, आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. पुढच्या वर्षभरात झील आणि नील्सेन या दोघा जर्मनांनी तो रंगवण्याची पद्धत सुधारली. म्हणजे आनंदीबाई जहाजानं अमेरिकेला निघाल्या त्या 1883 सालापर्यंत क्षयाची तपासणी जगात आलेली होती. अर्थात निदान झालं असतं तरी पुढे काय? स्ट्रेप्टोमायसिन सापडायला 1943 उजाडलं. नुसतं नाव कळून माणूस वाचत नाही.

आता उलट बघा. आज औषध आहे, सरकारी दवाखान्यात फुकट आहे. मग प्रश्न उरतो तो आधीच्या पायरीचा: तपासणी बरोबर झाली का? या प्रश्नासाठी एक अख्खी नोकरी आहे. वरिष्ठ क्षयरोग प्रयोगशाळा पर्यवेक्षक. इतकं लांब नाव कोण घेणार, म्हणून सगळे एसटीएलएस म्हणतात. पुणे महापालिकेच्या भरतीच्या जाहिरातीत तुम्ही हे पद पाहिलं असेल. पदवी, डीएमएलटी, कॉम्प्युटर सर्टिफिकेट, आणि एक मजेशीर अट: दुचाकीचा पक्का परवाना हवा, आणि दुचाकी चालवता यायला हवी! लॅबच्या नोकरीला गाडी कशाला, ते पुढे येईलच.

हे पद आलं कुठून? आपला राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम 1962 चा. जिल्ह्याजिल्ह्यात क्षयरोग केंद्रं निघाली, पण तीस वर्षांनी, 1992 मध्ये आढावा घेतला तेव्हा चित्र काही बरं नव्हतं. भर सगळा एक्स-रेवर, आणि उपचार अर्धवट सोडणारे भरपूर. एक्स-रेत छातीवरचा डाग दिसतो, पण तो आजचा की दहा वर्षांपूर्वीचा, टीबीचा की आणखी कशाचा, हे फोटो छातीठोकपणे सांगत नाही. बेडक्यात जंतू दिसला तर मात्र वाद संपला. म्हणून 1993 मध्ये पाच ठिकाणी नवी पद्धत करून बघितली, त्यात मुंबई होती. 1997 पासून सुधारित कार्यक्रम देशभर पसरायला लागला आणि 2006 पर्यंत सगळा देश त्याखाली आला. त्यातला पाया होता सूक्ष्मदर्शक. साधारण लाखभर वस्तीला एक तपासणी केंद्र, पाच लाखांना एक क्षयरोग युनिट, आणि त्या युनिटमधल्या सगळ्या लॅबवर नजर ठेवायला एक एसटीएलएस. पुढे युनिटं लहान केली, पण रचना हीच.

आता प्रत्यक्ष काम. काचेच्या पट्टीवर बेडक्याचा दोन बाय तीन सेंटिमीटरचा पातळ थर. वाळवायचा, ज्योतीवरून फिरवायचा. मग लाल कार्बोल फुक्सिन, वाफ येईपर्यंत गरम. मग सल्फ्युरिक अॅसिड, म्हणजे बाकी सगळ्यांचा लाल रंग धुऊन जातो. टीबीच्या जंतूला मेणासारखं कवच असतं, तो रंग सोडत नाही. हट्टी आहे. शेवटी मिथिलीन ब्लू. निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या.

ऐकायला सोपं. पण तेल टाकून, शंभरच्या लेन्समधून, एकेक करत शंभर भाग बघायचे, तेव्हा कुठे 'निगेटिव्ह' लिहिता येतं. शंभर भागांत एक ते नऊ जंतू दिसले तर 'स्कँटी', आणि नेमका आकडा नोंदवायचा. एका माणसानं दिवसाला वीस-पंचवीसच्या वर स्लाइड्स बघू नयेत, असं म्हणतात. डोळे थकतात हो. विसाव्या स्लाइडला ऐंशीव्या भागातच पुरे म्हणावंसं वाटलं तर? ते कुणाला कळणार?

ते कळावं म्हणूनच हा माणूस दुचाकीवरून फिरतो. महिन्यातून किमान एकदा प्रत्येक केंद्रावर. सूक्ष्मदर्शकाची लेन्स पुसलेली आहे का, रंगद्रव्यावर तारीख आहे का, वापरलेले डबे जंतुनाशकात बुडवले का, स्लाइड्स पेटीत नंबरवार आहेत का. काही पॉझिटिव्ह, काही निगेटिव्ह स्लाइड्स तिथंच बसून स्वतः बघायच्या. अनेक वर्षं रंगद्रव्यंही हाच बनवून केंद्रांना पुरवायचा, आणि नवी बाटली वापरात काढण्याआधी माहीत असलेल्या स्लाइड्सवर तपासायचा. कारण रंग कच्चा असेल तर टेक्निशियन कितीही प्रामाणिक असो, त्याला काही दिसणार नाही.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. सुरुवातीला सुपरवायझर सगळ्या पॉझिटिव्ह आणि दहा टक्के निगेटिव्ह स्लाइड्स पुन्हा बघायचा. पण समोर रजिस्टर उघडं. 'निगेटिव्ह' लिहिलेलं वाचून मग लेन्सला डोळा लावला, की डोळ्यालाही निगेटिव्हच दिसतं. माणसाचा स्वभावच तो. म्हणून 2005 च्या मार्गदर्शक सूचनांनी पद्धत बदलली. स्लाइड्स चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडायच्या, निकाल झाकायचा, आणि वाचायला द्यायच्या त्या दुसऱ्या युनिटच्या सुपरवायझरला. आपल्या लॅबच्या स्लाइड्स आपण नाही तपासायच्या. दोघांचं जुळलं नाही तर तिसरा, पंच म्हणून. क्रिकेटमध्ये थर्ड अंपायर असतो ना, तसंच, फक्त रिप्ले नाही, तीच काच पुन्हा.

आणि या सुपरवायझर लोकांवर कोण? राज्याची संदर्भ प्रयोगशाळा, औंधच्या उरो रुग्णालयाच्या आवारातल्या क्षयरोग प्रशिक्षण केंद्राशी जोडलेली. औंधवरून हिंजवडीला जाताना आपण ट्रॅफिकला शिव्या देत असतो, आणि जवळच हे काम चाललेलं असतं. तिथून तयार केलेल्या स्लाइड्स परीक्षेसारख्या पाठवल्या जातात. म्हणजे तपासणाऱ्याचीही परीक्षा.

चुकांना नावंही आहेत. चुकीचं निगेटिव्ह: खोकणारा माणूस "काही नाही" ऐकून घरी जातो, लोकलमध्ये, पीएमटीत, घरातल्या लहान खोलीत. चुकीचं पॉझिटिव्ह: टीबी नसताना सहा महिने गोळ्या, आणि शेजाऱ्यांच्या नजरा. ज्या घरात हा शब्द अजून हळू आवाजात बोलतात, तिथं दुसरी चूकही लहान नाही.

आणखी एक काम, ज्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. लॅबच्या रजिस्टरमधली पॉझिटिव्ह नावं आणि उपचाराच्या रजिस्टरमधली नावं जुळवायची. नाव इकडे आहे, तिकडे नाही? मग तो माणूस गेला कुठे? बांधकामावरचा मजूर रिपोर्ट न घेताच गावी गेला असेल, पत्ता अर्धवट असेल. उपचार पर्यवेक्षकासोबत बसून त्याला शोधायचं. माझ्या मते या नोकरीचा जीव इथं आहे. स्लाइड बरोबर वाचली आणि माणूसच हरवला, तर ती आनंदीबाईंच्या काळासारखीच गत. नाव कळलं, पुढे काही नाही.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत यंत्रं आली. सीबीनॅट, आणि आपल्या शेजारच्या गोव्यात बनणारं ट्रूनॅट. सूक्ष्मदर्शकाला दिसायला मिलीलिटरमागे पाच-दहा हजार जंतू लागतात, सीबीनॅटला शंभर-दीडशेही पुरतात, आणि रिफाम्पिसिन चालेल की नाही हेही तेच सांगतं. 2020 मध्ये कार्यक्रमाचं नावही 'निर्मूलन' झालं, नोंदी तर त्याआधीच 'निक्षय' पोर्टलवर गेल्या होत्या. सुपरवायझरच्या यादीत आता कार्ट्रिजचा साठा, यंत्राचे एरर, वीज गेली तर काय, हे सगळं वाढलंय. रंगाच्या बाटल्या गेल्या नाहीत, कारण उपचार चालू असताना जंतू कमी होतायत का हे बघायला काच अजून लागते. यंत्राला मेलेल्या जंतूचा डीएनएही सापडतो, त्यामुळे तिथं त्याचं उत्तर फसवं ठरू शकतं.

ही पदं बहुतेक कंत्राटी असतात, दर वेळी मुदत वाढते की नाही याची धाकधूक. पाऊस असो की ऊन, येरवडा ते धनकवडी, डिकीत स्लाइड्सची पेटी.

पुढच्या भागात मिरजेला जाऊ, वानलेसवाडीच्या सॅनेटोरियममध्ये. औषध नव्हतं तेव्हा लोक तिथं नेमकं काय करायचे, ते बघू. तोपर्यंत दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल, तर एपिसोड नंतर ऐका, आधी बेडका तपासून या.