ऑर्कनी द्वीपसमूह
स्कॉटलंडच्या उत्तरेचा हा द्वीपसमूह आज आडवळणाचा वाटतो. नवाश्मयुगात मात्र तो मध्यवर्ती असावा. १८५० च्या वादळाने वाळूखालून उघडी पाडलेली स्कारा ब्रे ही वस्ती सुमारे ५,००० वर्षांपूर्वीची. लाकूड दुर्मीळ असल्याने तिथली फडताळेही दगडी, म्हणूनच ती टिकली. आग्नेयेस ब्रॉडगरचे सुमारे १०४ मीटर व्यासाचे शिलावर्तुळ लागते. पुढे मेझहाउ हे थडगे आहे. वर्षातील सर्वांत लहान दिवसाच्या सुमारास मावळतीचे ऊन त्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचते. इतरत्र लाकडी वास्तू कुजल्या, म्हणून ऑर्कनी मोठे भासते, असा आक्षेप घेतला जातो. तो वास्तूंपुरता रास्त आहे. खापरे मात्र सगळीकडेच टिकतात, आणि कोरीव रेषांची विशिष्ट भांडी दक्षिण ब्रिटनपेक्षा इथे आधी आढळतात.