गाठीवरील शिक्का

कापड विकत घेणारें गिऱ्हाईक दुकानांत बसल्यावर काय करतें, हें सर्वांच्या पाहण्यांतलें आहे. तें पदर चिमटींत धरतें, वीण उजेडाकडे करून पाहतें, कांठ ओढून पाहतें, आणि रंग पक्का आहे ना, असें दोनदां विचारतें. एवढ्या परीक्षेनें कापडाचा पोत कळतो. त्याचें कूळ कळत नाहीं. कापूस कोणत्या शिवारांत पिकला, तो वेचणाऱ्या बाईला रोज काय मिळाला, सूत कोठें निघालें, कापड कोणीं विणलें, रंगाचें पाणी कोणत्या ओढ्यांत गेलें, ह्यांपैकीं एकाहि प्रश्नाचें उत्तर बोटांना सांपडत नाहीं. तें दुसऱ्या कोणीं तरी शोधून, शिक्का मारून द्यावें लागतें. अलीकडे युरोप-अमेरिकेच्या बाजारांत अशा शिक्क्यांची मोठी चर्चा आहे, आणि ही कल्पना तिकडूनच आली असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास मात्र वेगळें सांगतो. ह्या शिक्क्यांचा एक शिकण्याजोगा अध्याय मुंबई, वर्धा आणि मराठवाडा ह्या कापसाच्या मुलखांत लिहिला गेला आहे.

नांदेडहून लातूरकडे जातांना लोहा ओलांडलें कीं बालाघाटाच्या पठारावर अहमदपूर लागतें. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यांत होता, आणि अहमदपूर व उदगीर हे तालुके बीदर जिल्ह्यांत मोडत. १९५६ सालीं ते उस्मानाबाद जिल्ह्यांत आले, आणि १९८२ पासून ते लातूर जिल्ह्यांत आहेत. आज ह्या पठारावर सोयाबीनचें राज्य आहे. परंतु नांदेड-परभणीकडची काळी जमीन गावरानी कापसासाठीं प्रसिद्ध होती. देशी जातींत हा कापूस तलम धाग्याचा म्हणून नांवाजलेला होता, आणि व्यापारांत तो 'हैद्राबाद गावरानी' ह्या नांवानें ओळखला जाई. नांवाला मोल आलें कीं भेसळहि मागोमाग येते. आंखूड धाग्याचा हलका कापूस चांगल्यांत मिसळावा, रुईंत सरकी राहूं द्यावी, वजन भरावें म्हणून पाणी मारावें, हे प्रकार कापसाच्या व्यापारांत सर्वत्र चालत.

हें दुखणें जुनें आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलांतच, १८२९ सालीं, मुंबई सरकारनें कापसांतील लबाडीविरुद्ध नियम केला होता. पुढें १८६१ ते १८६५ ह्या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. भाव चढला तशी भेसळहि चढली. म्हणून १८६३ सालीं मुंबई इलाख्यांत अधिक कडक कायदा झाला, तपासनीस नेमले गेले, आणि भेसळीचा कापूस चांगला म्हणून विकणाऱ्यास शिक्षा होऊं लागली. ज्याच्या तक्रारीवरून हा कायदा झाला तो खरेदीदार होता. कापूस स्वच्छ आहे काय, एवढाच त्याचा प्रश्न होता, आणि सरकारी तपासणीनें तेवढ्याच प्रश्नाचें उत्तर दिलें. पिकविणाऱ्याच्या कणगींत त्या वर्षीं दाणे होते काय, हें विचारण्याचें त्याला कारण नव्हतें. म्हणून तें तपासलेंहि गेलें नाहीं.

विसाव्या शतकांत ही व्यवस्था पुष्कळ सुधारली. १९१७ सालीं नेमलेल्या कापूस-चौकशी समितीनें निरनिराळ्या प्रांतांतील कापसाची पाहणी केली, आणि १९२१ सालीं मध्यवर्ती कापूस समिति अस्तित्वांत आली. १९२३ च्या कापूस वाहतूक कायद्यानें, चांगल्या जातीच्या मुलखांत बाहेरचा हलका कापूस आणून मिसळण्यास बंदी करतां येऊं लागली. त्यापुढचें पाऊल १९२५ च्या कायद्याचें. सरकी काढणाऱ्या जिनानें आणि गाठी बांधणाऱ्या प्रेसनें कोणाचा कापूस आला त्याची वही ठेवावी, आणि प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण व अनुक्रमांक उमटवावा, असें बंधन ब्रिटिश हिंदुस्थानांत आलें. दूरच्या गिरणींत गाठ फोडल्यावर आंत दगड निघाला, तर नंबर पाहून ती कोणत्या प्रेसमधली हें सांगतां येऊं लागलें. आज ज्याला मालाचा माग काढणें म्हणतात, त्याचा पाया हा असा घातला गेला. मात्र हा माग जिना-प्रेसच्या दाराशींच थांबे. वहींत नांव चढे तें कापूस घालणाऱ्याचें, आणि तो पुष्कळदां व्यापारी असे. त्याच्या मागें अडत होती, खेड्यावरची खरेदी होती, सावकाराचें देणें होतें. बोंडें वेचणारी बाई तर ह्या साखळीच्या टोंकालाहि कोठें दिसत नसे.

कष्ट करणाऱ्या बाईला हिशेबांत आणण्याचें काम खादीच्या चळवळीनें केलें. ही बाई वेचणारी नव्हती, कातणारी होती. १९२५ च्या सप्टेंबरांत पाटणा येथें अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला. तेव्हां खादीच्या नांवाला मोल आलें होतें, आणि गिरण्यांचें जाडेंभरडें कापड खादी म्हणून खपूं लागलें होतें. गिरणीची ओळख मुलायमपणाची. परंतु येथें तिनें मुद्दाम खडबडीतपणा उचलला, आणि गिऱ्हाइकाचीं बोटें फसलीं. गयाप्रसाद सिंह ह्यांनीं मध्यवर्ती कायदेमंडळांत ह्यासाठीं विधेयक आणलें, आणि १९३४ सालीं खद्दर ह्या नांवाच्या संरक्षणाचा कायदा झाला. हातानें कातलेल्या सुताचें आणि हातमागावर विणलेलें कापड तेवढेंच खादी, असा त्याचा आशय होता. कायदा नांवाचें रक्षण करी. दुकानाची हमी चरखा संघ देई. संघाच्या अटी पाळणाऱ्या विक्रेत्यास संघाचें प्रमाणपत्र मिळे, आणि अप्रमाणित दुकानांतली खादी घेऊं नये, असें कार्यकर्ते घरोघर सांगत.

येथपर्यंतचा प्रश्नहि शुद्धतेचाच होता. त्याला कलाटणी मिळाली ती १९३५ सालीं. खादी स्वस्त मिळावी म्हणून कातिणीला दिली जाणारी मजुरी अत्यल्प होती, आणि ही गोष्ट गांधीजींना डांचूं लागली होती. ऑक्टोबरांत वर्ध्यास संघाच्या मंडळानें ठराव केला कीं, आठ तासांचें चांगलें काम हें माप धरून कातिणीला निदान अन्न व वस्त्र पुरेल इतकी मजुरी द्यावी. तासाला एक आणा, म्हणजे आठ तासांस आठ आणे, ही गांधीजींची इच्छा होती. प्रत्यक्षांत तेथवर मजल गेली नाहीं, तरी मजुरी वाढली. खादी महागली, खप घटेल अशी भीति पसरली, विक्रेते कुरकुरले. परंतु प्रमाणपत्राचा अर्थ त्या दिवसापासून बदलला. कापड शुद्ध आहे, एवढें सांगून त्याचें भागेना. तें कातणारीच्या पोटाबद्दलहि बोलूं लागलें. शहरांतल्या गृहिणीला वारामागें जे जास्त पैसे मोजावे लागले, ते कोणाच्या हातीं जाणार, हें तिला दुकानांत सांगतां येऊं लागलें.

असा विचार जगांत अन्यत्रहि झाला होता. अमेरिकेंत १८९९ सालीं स्थापन झालेल्या नॅशनल कन्झ्युमर्स लीग ह्या ग्राहकसंघानें, स्वच्छ व कायदा पाळणाऱ्या कारखान्यांतल्या स्त्रियांच्या कपड्यांवर पांढरी चिठ्ठी लावण्याची प्रथा पाडली होती. तिची नजर कारखान्याच्या चार भिंतींत होती. चरखा संघाला खेड्यांत विखुरलेल्या, घरच्या ओसरीवर कातणाऱ्या बायकांचा हिशेब ठेवावयाचा होता, आणि तें काम फार अवघड होतें.

स्वातंत्र्यानंतर ही जबाबदारी सरकारी यंत्रणेकडे आली. १९५६ च्या कायद्यानें खादी व ग्रामोद्योग आयोगाची तरतूद झाली, आणि २०१३ सालीं खादी-चिन्हाचे नियम निघाले. ह्याच परंपरेचा एक धागा मराठवाड्यांतून गेलेला आहे. हैद्राबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ व गोविंदभाई श्रॉफ ह्यांच्या प्रेरणेनें नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिति उभी राहिली. राष्ट्रध्वज तयार करणाऱ्या देशांतल्या मोजक्या संस्थांत तिची गणना होते. ध्वजाचें कापड उदगीरच्या केंद्रांत विणलें जातें. धुलाई व रंगाई ह्यांसाठीं तें अहमदाबादेस जातें. आणि परत नांदेडला येऊन तेथें ध्वज शिवला जातो.

ह्या ध्वजाची परीक्षा कशी होते, तें पाहण्यासारखें आहे. भारतीय मानक संस्थेनें १९५१ सालीं राष्ट्रध्वजाचें मानक प्रसिद्ध केलें, आणि त्याला क्रमांक दिला तो एक. पुढें १९६४ व १९६८ सालीं त्यांत सुधारणा झाल्या. ध्वजाचीं मापें नऊ. सर्वांत मोठा ध्वज ६३०० मिलिमीटर लांब व ४२०० मिलिमीटर रुंद, सर्वांत लहान १५० बाय १००. सुताची घनता, कापडाची ताकद, रंगाची छटा व पक्केपणा, चक्राची जागा, सर्व कांहीं ठरलेलें. कापसापासून शिलाईपर्यंत हातोहात तपासलेली अशी वस्तु गिऱ्हाइकाच्या नित्याच्या बाजारांत क्वचितच आढळते.

त्या बाजाराची स्थिति काय आहे, हें २४ एप्रिल २०१३ रोजीं जगाला दिसलें. ढाक्याजवळ सावर येथें राणा प्लाझा ही इमारत कोसळली, आणि तींतल्या शिवणकारखान्यांतलीं अकराशेंहून अधिक माणसें मेलीं. येथील कपडे कोणकोणत्या कंपन्यांसाठीं शिवले जात होते, हें ठरविण्यासाठीं ढिगाऱ्यांतून कपड्यांच्या चिठ्ठ्या शोधाव्या लागल्या. मोठमोठ्या व्यापाऱ्यांनाहि स्वतःचा माल कोठें तयार होतो, तें नीट सांगतां येत नव्हतें. ह्या घटनेनंतर मालाचा माग काढण्याच्या मागणीला जोर आला. युरोपीय संघाचा ह्याबाबतचा कायदा जुलै २०२४ मध्यें अमलांत आला असून, वस्तूबरोबर तिचा इतिहास सांगणारें संगणकीय ओळखपत्र जोडण्याची त्यांत योजना आहे, आणि कापडाला तीत अग्रस्थान मिळालें आहे. भारतानेंहि २०२० सालीं आपल्या निवडक कापसाला 'कस्तुरी' हें नांव दिलें. आतां त्याच्या गाठीवर छापलेली चौकोनी खूण वाचली कीं तिची सारी माहिती समोर येते. १९२५ च्या अनुक्रमांकाचाच हा नवा अवतार होय.

परंतु यंत्र शहाणें झालें म्हणून लबाडी थांबते असें नाहीं. रासायनिक खतें व औषधें न घालतां पिकविलेल्या कापसाला ग्लोबल ऑरगॅनिक टेक्सटाइल स्टँडर्ड ह्या संस्थेची मान्यता जगभर चालते. तींत प्रत्येक खरेदीविक्रीला एक दाखला लागतो. २०२० च्या ऑक्टोबरांत ह्याच संस्थेनें जाहीर केलें कीं, भारतांत बनावट दाखल्यांच्या आधारें सुमारें वीस हजार टन कापूस सेंद्रिय म्हणून दाखविला गेला होता. रुईंत दगड नव्हते, पाणी नव्हतें; भेसळ कागदांत होती. १८६३ चा तपासनीस अशा कापसाची गाठ फोडून पाहता, तर त्याला कांहींच दोष सांपडला नसता.

ह्या शिक्क्यांचा खर्च कोणावर पडतो, हाहि एक प्रश्न आहे. दोन-चार एकरांच्या शेतकऱ्याला वह्या भरणें, तपासणीची फी देणें, मालाची वेगळी सांठवण करणें परवडत नाहीं. त्याला गटांत सामील व्हावें लागतें, आणि मग दाखला बहुधा गटाच्या नांवावर असतो, शेतकऱ्याच्या नाहीं. त्या दाखल्याचा जादा भाव वाटेंतच मुरला, तर शेतापर्यंत येतें तें कागदाचें ओझें तेवढें. वर्ध्याच्या ठरावानें जें साधलें तें ह्याच्या उलट होतें. तेथें आधीं मजुरीचा आंकडा ठरला, आणि किंमत त्याच्या मागून आली.

ध्वजाच्या बाबतींतहि हा प्रश्न आतां उभा राहिला आहे. ३० डिसेंबर २०२१ रोजीं ध्वजसंहितेंत दुरुस्ती होऊन, यंत्रावर तयार केलेल्या व पॉलिएस्टरच्या ध्वजास परवानगी मिळाली. पुढच्या वर्षीं 'हर घर तिरंगा' मोहिमेंत असे ध्वज घरोघर पोंचले. ध्वज स्वस्त झाला, सर्वांना घेतां आला, हें ह्या बदलाचें समर्थन खोटें नाहीं. खादी संस्थांनीं ह्याला विरोध केला, तोहि केवळ व्यापाराच्या लोभानें नव्हे. ध्वजाच्या मागणीवर शेंकडों कातिणींची व विणकरांची चूल चालते, असें त्यांचें म्हणणें होतें, आणि तेंहि खरें होतें.

उंच काठीवर फडकतांना दोन्ही ध्वज सारखेच दिसतात. खालून पाहणाऱ्या डोळ्यांना अंतर कळत नाहीं, जसें दुकानांत बोटांना कळत नाहीं. उदगीरच्या मागावर निघालेल्या ध्वजामागें मात्र एक वही आहे, आणि त्या वहींत सूत कोणाचें, विणाई कोणाची, मजुरी किती, हें लिहिलेलें आहे. गिऱ्हाइकानें रंगाच्या पक्केपणाबरोबर ती वहीहि मागितली, तरच ती पुढें कोणी तरी लिहीत राहील.