शिकागोचे इटालियन बीफ आणि संथ आचेचे भांडे

१८६५ सालच्या नाताळाच्या दिवशी शिकागो शहराच्या दक्षिणेस, दलदलीची सुमारे ३२० एकर जमीन कोरडी करून नऊ रेल्वे कंपन्यांच्या भागीदारीने उभारलेला गुरांचा एक विस्तीर्ण बाजार खुला झाला. ‘युनियन स्टॉक यार्ड्‌स’ या नावाने पुढे जगप्रसिद्ध झालेल्या त्या आवारात पश्चिमेकडील कुरणांतून आगगाडीने आलेली गुरे, डुकरे आणि मेंढ्या लाकडी कोंडवाड्यांत उतरवावयाची, अडत्यांनी त्यांचा सौदा ठरवावयाचा, आणि लगतच्या आर्मर, स्विफ्ट आदी कारखानदारांनी त्यांची कत्तल करून मांस बर्फाच्या डब्यांतून पूर्वेकडील शहरांस रवाना करावयाचे, असा तेथील जाबता होता. शतक संपता संपता या कारखान्यांत २५,००० हून अधिक मजूर राबत होते, आणि अमेरिकेत खाल्ल्या जाणाऱ्या मांसापैकी सुमारे ८२ टक्के मांस या एका आवारातून बाहेर पडत होते. १९०६ साली अप्टन सिंक्लेअर याने ‘द जंगल’ या कादंबरीत एका लिथुएनियन मजूर कुटुंबाची तेथील दुर्दशा चितारली, तेव्हा वाचकांच्या मनास मजुरांच्या हालांपेक्षा मांसातील घाणीचाच धक्का अधिक बसला. मांस-तपासणीचा कायदा त्याच वर्षी मंजूर झाला, आणि मजुरांच्या कैफियतीची दाद लागावयास मात्र पुढे कित्येक वर्षे जावी लागली.

या अफाट बाजाराच्या छायेत, त्याच शहराच्या पश्चिम भागातील गरीब वस्तीत, ‘इटालियन बीफ’ हा पदार्थ जन्मास आला. ज्या मांसाचा तो होतो ते आपल्या बहुसंख्य वाचकांस वर्ज्य आहे याची मला पूर्ण जाणीव आहे. तत्रापि चिवट, स्वस्त आणि श्रीमंतांनी नाकारलेला माल ज्यांच्या वाट्यास आला, त्यांनी केवळ वेळ आणि मंद आच खर्चून त्याचे मृदू अन्न कसे केले, ही हकिकत कोणत्याही गृहस्थाश्रमी मनुष्यास आपली वाटावी अशीच आहे, आणि म्हणूनच ती सविस्तर सांगण्यासारखी आहे.

शिकागोस आलेले इटालियन बहुतांशी दक्षिणेचे होते. १८६१ साली इटलीचे एकीकरण झाले खरे, परंतु नव्या राज्याने खजिना भरण्यासाठी १८६९ पासून दळणावर जो कर वसूल करावयास आरंभ केला, त्याने दक्षिणेतील कष्टकऱ्यांच्या भाकरीवरच हात घातला. जमिनी जहागीरदारांच्या, पाऊस बेभरवशाचा आणि वर मलेरियाचा उपद्रव. १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेच्या किनाऱ्यास लागले. त्यांपैकी जे शिकागोत स्थिरावले त्यांनी टेलर स्ट्रीटच्या परिसरात, जेन ॲडम्स यांनी १८८९ साली स्थापिलेल्या ‘हल हाउस’ या सेवासंस्थेच्या आसपास, खोल्या भाड्याने घेतल्या, आणि रेल्वेची रुळदुरुस्ती, खोदकाम, शिवणकाम, भाजीफळांची फेरी अशी मिळेल ती कामे पत्करली. मायदेशी ज्यांच्या घरी गोमांस वर्षाकाठी एखाद्या सणालाच शिजत असे, त्यांना या नव्या मुलखात ते दर आठवड्यास परवडू लागले; मात्र परवडत होता तो जनावराच्या मागच्या मांडीचा वा खांद्याचा, सतत राबलेल्या स्नायूंचा, दातांना दाद न देणारा भाग.

आता विवाहाचा प्रसंग घ्या. वस्तीतील लग्ने बहुधा घरात अथवा चर्चच्या तळघरातील दालनात होत, निमंत्रितांची संख्या मोठी, आणि वधूपित्याची ऐपत बेताची. अशा लग्नांत पाहुण्यांपुढे भाजलेल्या शेंगदाण्यांच्या राशी ठेवल्या जात, म्हणून त्यांना ‘पीनट वेडिंग’ म्हणत. पंक्तीस मांस तर हवेच, कारण ते नसेल तर यजमानाची अब्रू जावयाची. आणि मांस तर थोडेच. यावर त्या गृहिणींनी व खाटकांनी जो तोडगा काढला तो पाकशास्त्राच्या दृष्टीने अत्यंत हुशारीचा होता. मांसाचा अखंड मोठा तुकडा लसूण, ओरेगानो, मिरी व इतर मसाला लावून, तळाशी पाणी घालून भट्टीत संथपणे भाजावयाचा. तो निववून त्याचे तंतूंच्या आडवे, कागदासारखे पातळ काप काढावयाचे. आणि ते काप, भाजताना सुटलेल्या मसालेदार रसात बुडवून, लांबट पावात भरावयाचे. एका तुकड्यात साऱ्या मांडवाचे भागे, आणि रस शोषलेल्या पावामुळे अल्प मांसही भरपूर भासे.

हा पदार्थ प्रथम कोणी केला याविषयी एकाहून अधिक घराणी आपापला हक्क सांगतात, आणि त्या वादाचा निवाडा करील असा दप्तरी पुरावा माझ्या पाहण्यात नाही. पास्क्वाले स्काला या इटालियन खाटकाने १९२५ साली मांसाचा कारखाना काढला व पुढे शहरातील अनेक ठेल्यांना त्याने बीफ पुरविले; तर अल फेरेरी आणि त्याचे बहीण-मेहुणे यांनी १९३८ साली जे दुकान सुरू केले, ते ‘अल्स’ या नावाने टेलर स्ट्रीटवर नावारूपास आले. मला स्वतःला या वादात कोणा एकाची बाजू घ्यावीशी वाटत नाही. शेकडो स्वयंपाकघरांत एकाच गरजेपोटी जी वहिवाट पडली, तिचे जनकत्व एका नावावर रुजू करणे इतिहासाला धरून होणार नाही. दुकानदारांनी जे केले ते एवढेच, आणि तेही थोडके नव्हे, की लग्नघरातले अन्न त्यांनी रस्त्यावर आणून कामकऱ्याच्या रोजच्या जेवणाच्या किमतीत बसविले. मंदीच्या त्या दशकात ज्यांच्या खिशात नाणी मोजूनच असत, त्यांच्या दृष्टीने ही गोष्ट फार मोलाची होती.

अशा दुकानात उभे राहून पाहावे तर सारा खेळ काही क्षणांचा असतो. थंड करून घट्ट झालेला मांसाचा गोळा यंत्राच्या फिरत्या पात्यावर धरला की एकामागून एक इतके पातळ काप गळून पडतात की त्यांतून उजेड दिसावा. हे काप गरम रसाच्या पात्रात सोडावयाचे ते जेमतेम तापेपर्यंतच, कारण अधिक वेळ राहिले तर ते आकसून पुन्हा चिवट होतात. चिमट्याने ते उचलून, रस निथळत असतानाच पावात कोंबले जातात. गिऱ्हाइकाने त्याआधीच आपली मागणी ठराविक शब्दांत सांगितलेली असते: ‘ड्राय’ म्हणजे निथळलेले, ‘वेट’ म्हणजे वर रसाची पळी ओतलेले, आणि ‘डिप्ड’ म्हणजे पावासकट रसात बुचकळून काढलेले; त्या रसाला तेथे ‘ग्रेव्ही’ म्हणतात. त्यावर ‘स्वीट’ म्हणजे भाजलेल्या ढोबळी मिरच्या, नाहीतर ‘हॉट’ म्हणजे जिआर्दिनिएरा. हे लोणचे मूळ इटलीत फ्लॉवर, गाजर इत्यादी भाज्या शिरक्यात मुरवून करतात. शिकागोच्या इटालियनांनी त्यात तिखट मिरच्या घातल्या आणि ते तेलात मुरविले, जे आमच्या लोणचेप्रिय वाचकांस विनासायास पटेल. हा पाव साधा नरम चालत नाही. गोनेला या १८८६ पासून चालत आलेल्या भट्टीसारख्या ठिकाणचा, घट्ट कवचाचा लांब पावच रसात बुडून तग धरतो. आणि खाणारा, कोपरे फळीवर टेकून, पाय मागे घेऊन, पुढे वाकून खातो, म्हणजे ठिबकणारा रस सदऱ्यावर न पडता खालच्या कागदावर पडतो.

मांस मऊ होते म्हणजे नेमके काय होते, हे येथेच सांगितले पाहिजे. स्नायूंचे तंतू ज्या आवरणांनी बांधलेले असतात, त्यांत कोलॅजेन नावाचे दोरखंडासारखे बळकट द्रव्य असते, आणि जनावराचा जो अवयव अधिक राबतो त्यात ते अधिक. झटपट तीव्र आच दिली तर हे आवरण आकसते, तंतू पिळवटून त्यांतील पाणी बाहेर पडते आणि मांस वादीसारखे होते. परंतु ओलसर उष्णता सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या पुढे तासन्‌तास टिकली तर तेच कोलॅजेन विरघळून त्याचे जिलेटिन होते, तंतू सुटे होतात आणि रसास दाटपणा येतो. टेलर स्ट्रीटवर चिवटपणा मोडला तो मुख्यतः पात्याने, तंतूच इतके आखूड कापून की दातांना काम उरू नये. दुसरा मार्ग आहे तो निव्वळ काळाचा. त्या मार्गाचे यंत्रही शिकागोतच निर्माण व्हावे, हा योगायोग मला या इतिहासातील सर्वांत हृद्य भाग वाटतो.

अर्व्हिंग नाखुमसोन हा शिकागोतील ज्यू अभियंता. त्याची आई लिथुएनियाची. सिंक्लेअरने आपल्या कादंबरीसाठी जे कुटुंब निवडले ते ज्या भूमीतून आले होते, त्याच भूमीच्या आठवणी ही बाई आपल्या मुलास सांगत असे. ज्यू धर्माज्ञेप्रमाणे शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत कोणतेही काम निषिद्ध, त्यात चूल पेटविणेही आले. आपल्या कोकणातील बेने इस्रायली लोक याच नियमास अनुसरून शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवीत आणि म्हणून ‘शनवार तेली’ म्हणविले जात, हे मराठी वाचकास ठाऊकच आहे. लिथुएनियातील घरोघरच्या स्त्रिया यावर उपाय म्हणून शुक्रवारी दुपारी घेवडा, बार्ली, बटाटे व असेल तर थोडे मांस यांनी भरलेले मडके गावच्या पाववाल्याकडे पाठवीत. दिवसाचे काम संपवून त्याने विझविलेल्या भट्टीच्या उरल्या उबेत ते रात्रभर शिजे, आणि शनिवारी कोणी आग न पेटविता ऊन जेवण पानात पडे. या पदार्थाचे नाव चोलेंत. नाखुमसोनची आई लहानपणी हे मडके घेऊन पाववाल्याकडे जात असे.

मुलाने त्या भट्टीची ऊब विजेने साधण्याचा विचार केला. चुलीची आच खालून लागते आणि तळाशी करपते. त्याने तापणारी तार भांड्याच्या भोवताली फिरविली, आत चिनी मातीचे पात्र बसविले, आणि आच इतकी बेताची ठेवली की कोणी लक्ष न देताही पदार्थ शिजत राहावा. १९३६ साली त्याने पेटंटासाठी अर्ज दाखल केला आणि २३ जानेवारी १९४० रोजी ते मंजूर झाले. पुढे त्याने आपले आडनाव नॅक्सन असे केले आणि ‘नॅक्सन बीनरी’ या नावाने ते भांडे विकले. परंतु दीर्घकाळ ते घेवडा शिजविण्याचे साधन म्हणूनच राहिले. १९७० साली त्याने आपला उद्योग कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीस विकला, आणि या कंपनीने तेच भांडे सुधारून १९७१ साली शिकागो येथील गृहोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनात ‘क्रॉक-पॉट’ या नावाने मांडले. त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस युनियन स्टॉक यार्ड्‌सचे दरवाजे कायमचे बंद झाले. थंड डब्यांचे ट्रक आणि राष्ट्रीय महामार्ग यांमुळे कत्तलखाने गुरांच्या कुरणांपाशीच हलले होते. शिकागोत मागे राहिली ती चुनखडीच्या दगडांची एक कमान, आणि तिच्यावर कोरलेले बैलाचे मुंडके.

क्रॉक-पॉटचा प्रसार झपाट्याने झाला. १९७१ साली त्याची विक्री सुमारे २० लाख डॉलरांची होती, ती १९७५ साली ९ कोटी ३० लाखांवर गेली. १९७३ च्या तेलसंकटाने विजेची काटकसर करावयास लोकांस शिकविले होते, आणि नोकरीसाठी घराबाहेर पडणाऱ्या स्त्रीला सकाळी भरून ठेवलेले भांडे संध्याकाळी तयार मिळणे ही मोठीच सोय होती. या भांड्यात इटालियन बीफ शिरले ते अगदी सहजपणे. खांद्याचा दीड-दोन किलोचा तुकडा, थोडे मांसाचे पाणी, सॅलडसाठी मिळणारा कोरड्या इटालियन मसाल्याचा पुडा, आणि शिरक्यात मुरलेल्या पेपरोनचिनी मिरच्या त्यांच्या आंबट पाण्यासकट; झाकण ठेवून मंद आचेवर आठ ते दहा तास. मधे झाकण उघडावयाचे नाही, कारण एकदा निसटलेली ऊब परत यावयास बराच वेळ लागतो. शेवटी मांस काट्याने ओढले की त्याच्या धाग्यांच्या जुड्या आपोआप सुटतात.

टेलर स्ट्रीटचे जाणकार या घरगुती प्रकारास मान्यता देत नाहीत, आणि कापांच्या बाबतीत त्यांचे म्हणणे न्याय्य आहे. इतके शिजलेले मांस कोणत्याही पात्यावर पातळ कापले जाणार नाही, ते तुटून पडेल, आणि भट्टीत भाजलेल्या पृष्ठभागाची खमंग चवही त्यात उतरत नाही. तरीसुद्धा ज्या गृहिणीपाशी ना खाटकाचे यंत्र ना भट्टी, तिने खांद्याचाच चिवट भाग घेऊन, त्यावर कौशल्याऐवजी वेळ खर्चून, घरच्या माणसांस मऊ अन्न वाढावे, यात मला त्या पहिल्या वस्तीचीच रीत अधिक निष्ठेने पाळलेली दिसते. ती वस्ती आज जवळजवळ उरलेली नाही. १९६१ साली शहराच्या अधिकाऱ्यांनी इलिनॉय विद्यापीठाच्या नव्या आवारासाठी टेलर स्ट्रीटच्या भोवतीची घरे निवडली. फ्लॉरेन्स स्काला या तेथल्याच स्त्रीने शेजाऱ्यांना संघटित करून न्यायालयापर्यंत लढा दिला आणि ती हरली. घरे पाडली गेली, हल हाउसच्या तेरा इमारतींपैकी दोनच राखल्या गेल्या, आणि १९६५ साली विद्यापीठ तेथे सुरू झाले. कुटुंबे उपनगरांत पांगली, आणि त्यांच्या मागोमाग बीफही तिकडे गेले. उपनगरातल्या घरी मुलाचा पदवी समारंभ असो वा धाकट्या मुलीचे प्रथम कम्युनियन, मेजाच्या एका कोपऱ्यास विजेच्या भांड्यात रसासकट बीफ ऊन ठेवलेले असते, शेजारी पावांची टोपली आणि जिआर्दिनिएराची बरणी. पाहुणे आपल्या हाताने भरून घेतात, आणि किती पाहुणे आले याची यजमानास फारशी चिंता करावी लागत नाही.