‘फावल्या वेळातल्या’ पिशव्या : इंदूरच्या मराठी घरांतला एक न नोंदलेला व्यवसाय



आपल्या या समूहावर होळकरांच्या वाड्यांबद्दल, गणेशोत्सवांबद्दल, नाट्यमंडळींबद्दल पुष्कळ वाचायला मिळतं. आज जरा वेगळ्या विषयावर लिहितो. आपल्या आई, काकू, मावशी घरात मशीनवर पिशव्या शिवून विकत असत, त्याविषयी. मी कॉमर्सचा विद्यार्थी आणि जन्म बँकेत काढलेला माणूस, त्यामुळे जमाखर्चाच्या अंगाने लिहिलं तर चालवून घ्या.

आधी पिशवीचीच गोष्ट. मराठी घरात पिशवी एक नव्हती. पानसुपारीची कप्प्याकप्प्यांची चंची, नाडी ओढून बंद करायचा बटवा, पैसे ठेवून कमरेला बांधायचा कसा, प्रवासात खांद्यावर पुढेमागे टाकायची पडशी, जपाची गोमुखी, मुंजीतल्या भिक्षावळीची झोळी. यातलं जवळजवळ सगळं घरीच शिवलं जाई. जुन्या धोतराचं अस्तर, लुगड्याच्या काठाची नाडी. बाजारातून यायची ती फक्त सुई आणि रीळ. म्हणजे कौशल्य आधीपासून घरात होतं. ते विकायची वेळ नंतर आली.

त्यासाठी दोन गोष्टी जुळून आल्या. पहिली म्हणजे शिलाई मशीन. सिंगरचं मशीन पूर्वी मोठ्या घरांतच दिसे. १९३० च्या दशकात कलकत्त्यात ‘उषा’ मशीन तयार होऊ लागलं आणि स्वातंत्र्यानंतर ते मध्यमवर्गीय घरांत पोचलं. लेकीला लग्नात मशीन द्यायची पद्धतही पडली. दुसरी गोष्ट म्हणजे आपलं इंदूर हे कापडाचं गाव. दुसऱ्या तुकोजीरावांच्या काळात इथे कापडगिरणी निघाली. पुढे मालवा, हुकुमचंद, स्वदेशी, राजकुमार, कल्याणमल अशा गिरण्या उभ्या राहिल्या. तुकोजीराव क्लॉथ मार्केटची ख्याती तर लांबवर. जिथे कापड तिथे कटपीस आणि चिंध्याही. वजनावर मिळणाऱ्या तुकड्यांतून पिशवी बेतणं हे डोक्याचं काम होतं, आणि ते आपल्या बायकांना उत्तम जमे.

मागणी कुठून येई? किराण्याच्या दुकानांना मांजरपाटाच्या थैल्या लागत. सराफ्यात दागिना द्यायला लहान लाल थैल्या लागत. आम्हा बँकवाल्यांनाही लागत बरं का! नाणी जाड कापडाच्या पिशव्यांत भरून, तोंड सुतळीने बांधून, वर लाखेची मोहोर लावून ठेवत असू. पिशवीची शिवण उसवली तर मोजलेली नाणी पुन्हा मोजायची, म्हणून मजबूत शिलाईची किंमत आम्हाला चांगली कळे. आणि खास आपला मोसम म्हणजे संक्रांत. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू, आणि त्यात लुटायचं वाण. पन्नास-शंभर बटवे किंवा भाजीच्या लहान पिशव्या एका घरातून घेतल्या जात. मार्गशीर्ष लागला की गल्लीतल्या मशीनी रात्री उशिरापर्यंत खडखडत.

दुकानदाराचं काम डझनाच्या भावाने असे. कापड तो देई, बाई शिवून देई, मजुरी डझनावर. दोरा तिचा, सुई तुटली तर तिची, एखादी पिशवी ‘तिरकी’ ठरली तर पैसे कापले. वाणाच्या पिशव्यांत मात्र कापडही तिचं आणि भावही तिचा. बाई मजूर आणि बाई मालक यांच्यातला फरक इथे आहे, आणि तो आपण घरच्या माणसांनीही कधी नीट पाहिला नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं, “काही नाही हो, फावल्या वेळात शिवते.”

१९६९ साली बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. १९७२ मध्ये ४ टक्के व्याजाची डीआरआय योजना आली, ती अगदी अशाच लहान, तारण नसलेल्या माणसांसाठी. मी १९७३ ला नोकरीत लागलो. मशीनसाठी, मोटर बसवण्यासाठी किंवा मोसमाआधी कापड भरून ठेवण्यासाठी बायका अर्ज घेऊन येत. एका शाखेत मी पाहिलं, अर्जात ‘व्यवसाय’ या रकान्यात बाईने काही सांगायच्या आत ‘गृहिणी’ लिहिलं जाई. मग गृहिणीला उत्पन्न नाही, उत्पन्न नाही म्हणून परतफेड कशी, म्हणून नवऱ्याची सही आणा. वास्तविक तिच्या वहीत कोणत्या दुकानाला किती डझन दिले, किती येणं बाकी, हे सगळं लिहिलेलं असे. कित्येक दुकानदारांच्या खातेवह्यांपेक्षा ती वही स्वच्छ होती. मी ती वही मागून घेई आणि शिफारशीत ‘पिशव्या शिवण्याचा व्यवसाय’ असं स्पष्ट लिही. ही कर्जं लहान असत, पण हप्ता चुकवायची लाज या बायकांना फार.

शेजारच्या गुजरातेत हा प्रश्न मोकळेपणाने विचारला गेला. अहमदाबादला इला भट्ट यांनी १९७२ साली ‘सेवा’ स्थापन केली आणि १९७४ मध्ये बायकांची स्वतःची बँक काढली. तिथे गिरण्यांच्या चिंध्या जोडून गोधडीच्या खोळी शिवणाऱ्या बायका व्यापाऱ्याकडून चिंध्या घेत आणि त्यालाच खोळी देत. त्या संघटित झाल्या, मजुरी वाढवून मागितली, पुढे त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. मुंबईत त्याआधीच, १९५९ साली, गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला होता. आपल्या इंदुरी मराठी घरांत असं झालं नाही. आपल्याकडे प्रत्येकीचं मशीन वेगळं आणि प्रत्येकीची अब्रूही वेगळी. “घरात कमी पडतं म्हणून शिवते” असं दिसू नये, याची काळजी भावापेक्षा जास्त होती.

मग गिरण्यांना उतरती कळा लागली. १९९१ च्या डिसेंबरात हुकुमचंद मिल बंद झाली. कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी रुपये सुटायला २५ डिसेंबर २०२३ उजाडावा लागला. म्हणजे बत्तीस वर्षं! या कामगारांत मराठी कुटुंबंही होती. ती बत्तीस वर्षं चूल कशावर पेटली, याचं उत्तर पुष्कळ घरांत कोपऱ्यातल्या मशीनकडे बोट दाखवून द्यावं लागेल. दुर्दैव असं, की नेमक्या त्याच काळात पॉलिथिनची पन्नी सगळीकडे पसरली. भाजीवालाच फुकट पन्नी द्यायला लागला, तेव्हा थैली कोण विकत घेणार? मशीन फॉल-पिको आणि ब्लाउजकडे वळलं.

आता वारं पुन्हा फिरलं आहे. २४ मे २०१७ पासून मध्य प्रदेशात प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आली, १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या कित्येक प्लास्टिक वस्तू देशभर बंद झाल्या. स्वच्छतेत आपलं गाव पहिलं, म्हणून आपल्याकडे थैल्याला मानही आला. पण बाजारात जी कापडासारखी दिसणारी स्वस्त पिशवी मिळते, ती बहुतेक वेळा नॉनवोव्हन, म्हणजे मुळात प्लास्टिकच. तिच्याशी भावात टक्कर देऊ नये. बाग प्रिंट, भैरवगडचं बाटिक, माहेश्वरीचे उरलेले तुकडे, गोधडीचे टाके, आत चेन आणि कप्पा, अशा पिशवीला आज गिऱ्हाईक आहे, हाट बाजारात दिसतंच.

आमच्या नात्यातल्या एका सुनेने हे काम नुकतंच सुरू केलं. तिला जो हिशेब मांडून दिला तो इथेही देतो, आकडे समजण्यापुरते धरा. ३६ इंच पन्ह्याचं एक मीटर कापड घेतलं. त्यात १६ इंची दोन पट्टे निघतात, एकेका पट्ट्याची मधून दुमडून एक पिशवी. उरलेल्या सात इंचांत दोन्ही पिशव्यांचे बंद बसतात. कापड ८० रुपये मीटर, म्हणजे पिशवीला ४०. दोरा, सुई, वीज ४. बाजारात जाण्यायेण्याचे वाट्याला ६. झाले ५०. विकली ८० ला. ती म्हणाली, “काका, तीस रुपये फायदा!” मी म्हटलं, “बेतणं, शिवणं, इस्त्री मिळून ४० मिनिटं गेली ना? तासाची मजुरी ६० धर. त्याचे ४० झाले. म्हणजे दहा रुपये तू पदरचे घातलेस.” ती गप्प झाली, मग वहीत ‘माझी मजुरी’ असा नवा रकाना आखला. आता पिशवी शंभराच्या खाली देत नाही.

मंडळी, हाच रकाना आपल्या आयांच्या वहीत कधी नव्हता. त्यामुळे मुलांच्या फिया, वह्या, परीक्षेचे फॉर्म यांचे पैसे कुठून आले ते घराच्या इतिहासात आलंच नाही. वडिलांची नोकरी लिहिली गेली, आईची शिलाई राहून गेली.

माझी एक विनंती. तुमच्या घरी अशी जुनी हिशेबाची वही, मशीनची पावती किंवा आईच्या हातची पिशवी असेल तर फोटो काढून इथे टाका. सोबत तीन गोष्टी लिहा: कोणाला विकत, डझनाला काय मिळे, आणि त्या पैशांतून काय झालं. बडोदा, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगावच्या मंडळींनीही लिहावं. ज्यांच्या आई, मावशी आज ऐंशी-नव्वदीत आहेत त्यांनी आजच विचारून घ्यावं. आणि विचारताना “फावल्या वेळात काय करायचीस?” असं म्हणू नका. “तुझा व्यवसाय काय होता?” असं विचारा.