तयार पिठाची कुळकथा

संसारातील काही सोयी इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात की, त्यांनाही इतिहास असेल असे सहसा मनात येत नाही. केक, पॅनकेक, बिस्किटे असे नाना पदार्थ ज्या एकाच तयार पिठातून होतात, ते ‘बेकिंग मिक्स’ ही अशीच एक सोय. त्यात दूध किंवा पाणी घालावे, कालवावे आणि भाजावे, एवढेच काम घरात उरते. हे पीठ खोक्यातून मिळते म्हणून ते सर्वस्वी कारखान्याचे अपत्य असावे, असा आपला समज होतो. प्रत्यक्षात त्याच्या जन्मात रसायनशास्त्रज्ञाइतकाच वाटा स्वयंपाक्याचाही आहे. मात्र शास्त्रज्ञाचे नाव इतिहासात राहिले, कारखानदाराचे खोक्यावर राहिले आणि स्वयंपाक्याचे कोठेच राहिले नाही. या पिठाची कुळकथा पाहावयाची ती मुख्यतः या अंगाने.

मूळ प्रश्न होता पीठ फुगविण्याचा. जुनी रीत आंबविण्याची. गोव्याचे पोदेर पावाच्या पिठात माडाची सूर घालून ते रात्रभर ठेवीत. युरोपातील भटारी बिअरच्या फेसातील किण्व वापरीत. या रीतीला वेळ लागे आणि हवामानाचा भरवसा नसे. झटपट फुगविण्याचा पहिला मार्ग निघाला तो राखेतून. लाकडाची राख पाण्यात भिजवून, ते पाणी आटवून मिळणारा ‘पर्लॅश’ हा क्षार अमेरिकेत अठराव्या शतकाच्या अखेरीस पिठात घालीत. आपल्या पापडखाराचा हा जवळचा नातलग. अमेरिकेत १७९० साली दिले गेलेले पहिलेच पेटंट याच क्षाराच्या निर्मितीचे होते आणि १७९६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेलिया सिमन्स यांच्या ‘अमेरिकन कुकरी’ या पुस्तकात तो पदार्थांत घालण्यास सांगितला आहे. पुढे त्याची जागा खायच्या सोड्याने घेतली. सोड्याला आंबट जोडीदार लागतो. ताक घातलेल्या ढोकळ्याच्या पिठात सोडा पडताच ते कसे फसफसते, हे बडोदेकर वाचकांना सांगावयास नको. अडचण एवढीच की, ताकाचा आंबटपणा रोज सारखा नसतो. त्यामुळे सोडा कधी कमी पडतो, कधी जास्त होऊन पदार्थ खारट-तुरट लागतो.

यावरचा उपाय म्हणजे कोरडे आम्ल. द्राक्षांच्या मद्याच्या पिंपांत तळाशी व कडेला जमणारे ‘क्रीम ऑफ टार्टर’ हे असे आम्ल. बर्मिंगहॅमचे औषधविक्रेते आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला किण्व सोसत नसे. तिला खाता यावा असा पाव करण्यासाठी त्यांनी १८४३ साली सोडा, कोरडे आम्ल आणि स्टार्च यांची भुकटी तयार केली. स्टार्च हा यातील मूक परंतु महत्त्वाचा घटक. तो हवेतील दमटपणा शोषतो आणि सोडा व आम्ल यांची वेळेआधी गाठ पडू देत नाही. दोनच वर्षांनी, १८४५ साली, ब्रिस्टलचे भटारी हेन्री जोन्स यांनी ही सामग्री थेट पिठातच मिसळून ‘आपोआप फुगणाऱ्या पिठाचे’ पेटंट घेतले. जहाजावरील खलाशांना दगडासारखी बिस्किटे चघळण्याऐवजी ताजा पाव मिळावा, हा त्यांचा हेतू होता. अमेरिकेत हार्वर्डचे प्राध्यापक एबेन हॉर्सफर्ड यांनी १८५६ साली टार्टरऐवजी फॉस्फेटचे आम्ल वापरण्याचे पेटंट घेतले. हे आम्ल प्रारंभी हाडांपासून काढले जाई. त्यामुळे युरोपातून येणाऱ्या महागड्या टार्टरवर अवलंबून राहण्याची गरज उरली नाही.

येथवरची कथा शोधांची आहे, यापुढची विक्रीची. १८८९ साली मिसुरी राज्यातील सेंट जोसेफ या गावी ख्रिस रट व चार्ल्स अंडरवुड यांनी पॅनकेकचे तयार पीठ बाजारात आणले आणि त्याला ‘आंट जेमायमा’ हे नाव दिले. ते नाव आले होते रंगमंचावरील एका गाण्यातून. गोऱ्या कुटुंबात राबणारी हसतमुख कृष्णवर्णीय स्वयंपाकीण, ही प्रतिमा त्यामागे होती. धंदा दुसऱ्यांच्या हाती गेल्यावर १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात नॅन्सी ग्रीन या स्त्रीला त्या प्रतिमेची जिवंत मूर्ती म्हणून उभे करण्यात आले. याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंदांनी भाषण केले, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. त्याच वर्षी त्याच शहरात केंटकीत गुलामीत जन्मलेली ही बाई गर्दीसमोर पॅनकेक भाजीत होती, हे सहसा ठाऊक नसते. ज्यांच्या घरी स्वयंपाकीण नव्हती त्यांना खोक्यातून जणू स्वयंपाकीणच विकली जात होती. नॅन्सी ग्रीन १९२३ साली वारल्या. त्यांच्या थडग्यावर नावाचा दगड बसला तो २०२० साली. त्याच वर्षी कंपनीने ते जुने नाव व चित्र काढून टाकण्याचे जाहीर केले आणि २०२१ मध्ये ते बदलले.

सर्व पदार्थांना चालेल अशा पिठाची कथाही अशीच आहे. १९३० साली जनरल मिल्स या कंपनीचे विक्री अधिकारी कार्ल स्मिथ आगगाडीने प्रवास करीत होते. भोजनाच्या डब्यातील आचाऱ्याने अवेळीही त्यांना क्षणात गरम बिस्किटे करून दिली. चौकशी करता असे कळले की, त्याने पीठ, चरबी, बेकिंग पावडर व मीठ अगोदरच एकत्र चोळून बर्फाच्या पेटीत ठेवले होते. स्मिथ यांनी ती कल्पना कंपनीत नेली. चरबी बर्फाबाहेर खवट होते, ही अडचण कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी सोडविली आणि १९३१ साली ‘बिस्क्विक’ बाजारात आले. कंपनीच्या या आवडत्या कथेत स्मिथ यांचे नाव आहे, आचाऱ्याचे नाही.

तरीही ही युक्ती खोक्यात कायमची बंद राहिली नाही. १९१४ च्या कायद्याने अमेरिकेत विद्यापीठांचे ज्ञान शेतकरी कुटुंबांपर्यंत नेण्याची व्यवस्था उभी राहिली होती. तिच्या गृहविज्ञान शाखांनी विसाव्या शतकाच्या मध्यास गृहिणींना हेच पीठ घरी करण्यास शिकविले. पर्ड्यू विद्यापीठाचे ‘मास्टर मिक्स’ त्यात विशेष नावाजले. आचाऱ्याकडून कंपनीकडे गेलेली विद्या अशी पुन्हा घरी परतली.

ती अवघडही नाही. १ किलो मैदा, ५० ग्रॅम बेकिंग पावडर आणि १५ ग्रॅम मीठ ही सामग्री तीन वेळा एकत्र चाळावी, म्हणजे फुगवण सर्वत्र सारखी पसरते. मग सुमारे २०० ग्रॅम घट्ट, गार तूप बोटांच्या टोकांनी चोळून पीठ जाडसर रव्यासारखे करावे आणि हवाबंद डब्यात भरावे. या सगळ्याचे मर्म कोरडेपणात आहे. लोण्यात पाण्याचा अंश असतो, तो डब्यातच क्रिया सुरू करतो; साजूक तुपात तो जवळजवळ नसतो, म्हणून आपले तूप या कामी उत्तम. कणीक वापरल्यास गव्हाच्या अंकुरातील तेलामुळे पीठ लवकर खवट होते. ती थोडी करून शीतकपाटात ठेवावी. दोन वाट्या पिठात अर्धी ते पाऊण वाटी दूध घातल्यास मऊ बिस्किटांचा गोळा होतो. एक वाटी दूध व दोन अंडी घातल्यास पॅनकेकचे सरसरीत पीठ होते. डबा जुना झाला असल्यास चमचाभर पीठ गरम पाण्यात टाकून पाहावे. बुडबुडे न आल्यास फुगवण संपली असे समजावे.

हे घरी करण्याचे मोल केवळ काटकसरीचे नाही. चरबी टिकावी म्हणून कारखान्यांनी दीर्घकाळ कृत्रिमरीत्या घट्ट केलेली तेले वापरली. आपल्याकडे १९३७ पासून ‘डालडा’च्या रूपाने तीच घरोघर आली. त्यांतील ट्रान्स मेद हृदयाला घातक असल्याचे पुढे सिद्ध झाले आणि भारतात जानेवारी २०२२ पासून खाद्य तेले व चरबी यांत त्याचे प्रमाण २ टक्क्यांपर्यंत मर्यादित करण्यात आले. काय घातले हे ज्याला ठाऊक, त्यालाच ते बदलता येते. पिठाचे गणित हाती असणे म्हणजे हा अधिकार हाती असणे.

आपल्या घरांत हे पीठ फारसे रुजले नाही, कारण भाजण्याची भट्टी घरात नव्हती; नानखटाईचे साहित्य बेकरीत नेऊन ती भाजून आणण्याची रीत होती. परंतु तयार पिठाची कल्पना आपणांस मुळीच नवी नाही. थालीपिठाची भाजणी हे दुसरे काय आहे? धान्ये व डाळी भाजल्याने त्यांतील ओल जाते, कीड लागत नाही आणि दळलेले पीठ महिनोन्‌महिने टिकते. मर्म तेच, कोरडेपणाचे. फरक इतकाच की, भाजणीचे पेटंट कोणी घेतले नाही आणि तिचा शोध कोणी लावला हेही कोणी विचारले नाही.

दोन-तीन शतकांपूर्वी इंदूर-ग्वाल्हेरकडे आलेल्या घराण्यांच्या सनदा व वंशावळी आपण जपल्या. त्यांत पुरुषांची नावे आहेत. त्याच घराण्यांच्या भाजणीत ज्वारी कमी होऊन गहू केव्हा वाढला, उडीद किती, धने किती, हे मात्र हातांच्या अंदाजातच राहिले आणि ते हात गेले की तेही जाते. आगगाडीतील त्या आचाऱ्याचे नाव आता सापडणे कठीण. आपल्या घरातील भाजणीचे प्रमाण वहीत लिहून, ते ज्या आजीचे वा काकूचे असेल तिचे नाव त्याखाली घालणे मात्र आजही शक्य आहे. घराण्याच्या इतिहासाचे ते एक पान ठरेल.